पिंजरा रिकामा व्हायला हवा

रविवार, 9 नोव्हेंबर 2025
म्हापसा, गोवा

शुक्रवारपासून मनात दुसरा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शाळा, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्टँड आणि रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री उचलायची, नसबंदी करून, लस टोचून निवाऱ्यात न्यायची आणि पुन्हा त्या जागी सोडायची नाहीत. ऑगस्टच्या 22 तारखेला याच न्यायालयाने पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळता बाकीची कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडा म्हटलं होतं. आता या जागांपुरतं ते बदललं.

ज्या आईच्या पोराला कुत्रं चावलंय तिच्याशी मी वाद घालणार नाही. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाची पोटरी फोडली होती, तेव्हा नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुताना त्याचा पाय मीच धरला होता. त्याची भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. पण गोव्याने ते उत्तर एकदा शोधून दाखवलंय. 2014 पासून सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गावोगाव फिरली. कुत्रं जाळ्यात, लस, डोक्यावर रंगाची खूण, की दिलं सोडून. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याजवळ कसं वागायचं ते शिकवलं. दरवर्षी दहातली सातएक कुत्री लसीखाली आणायची, हा हिशेब. 2018 आणि 2019 मध्ये गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. हे साधलं ते कुत्री रस्त्यावर, आपापल्या जागी राहिली म्हणून. लस टोचलेलं कुत्रं हलवलं की त्या जागेवर बिनलशीचं येतं, कारण उकिरडा तिथेच असतो.

आणि न्यायची कुठे? मी रविवारी ज्या निवाऱ्यात जाते तिथे आजही एकेका पिंजऱ्यात तीन-तीन कुत्री आहेत. मोठ्या टोपात भात आणि कोंबडीचे पाय शिजत होते, फिनेलचा वास नाकात बसला होता आणि दारात एक रिक्षावाले दादा गोणपाटातून चार पिल्लं घेऊन उभे होते. चारही माद्या. नर असता तर कुणीतरी ठेवून घेतला असता. दरवर्षी मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या, बंद होतात आणि हंगामभर उष्ट्यावर वाढलेली कुत्री पावसात उपाशी राहतात, तेव्हा तर आम्हाला फोन उचलायची भीती वाटते. त्यात आता प्रत्येक बसस्टँडवरची भर.

पिंजरे भरले की पुढे काय होतं ते अमेरिकेकडे पाहिलं तर कळतं. तिथे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही म्हणून आपल्याला कौतुक वाटतं. ती निवाऱ्यात जातात, आणि जागा संपली की धडधाकट कुत्र्यालाही इंजेक्शन देतात. एएसपीसीए या तिथल्या मोठ्या संस्थेचा अंदाज असा की 2011 च्या सुमारास वर्षाला 26 लाख कुत्री-मांजरं अशी मारली जायची. 2019 पर्यंत हा आकडा 9,20,000 वर आला, त्यात 3,90,000 कुत्री. आकडा उतरला त्यातलं मोठं कारण म्हणजे लोकांनी निवाऱ्यातली जनावरं घरी न्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जागेसाठी मारणं कायद्यात बसत नाही आणि ते कधीच बसू नये असं मला वाटतं. पण गर्दीच्या पिंजऱ्यात डिस्टेंपर हा कुत्र्यांचा साथीचा रोग शिरला की तो कायदा विचारत नाही. एका खोकणाऱ्या पिल्लामागून अख्खी रांग जाते.

मरण देण्याच्या विरोधात मी सरसकट नाही, हेही लिहून ठेवते. आज सकाळीच एकाला दिलं. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकखाली आलेला, कणा मोडलेला, मागचे दोन्ही पाय ओढत गटारात पडलेला. जखमेत किडे. डॉक्टरांनी नखाच्या मुळाशी चिमटा दाबून पाहिला, त्याने वळूनही पाहिलं नाही. कुत्र्यांच्या नसबंदीच्या 2023 च्या केंद्रीय नियमांत बरं न होणाऱ्या आणि प्राणांतिक जखमी कुत्र्यालाच दयामरण देता येतं, आणि तेही दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. म्हणून त्याला मागच्या खोलीत नेलं. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं, मग शिरेतून औषध गेलं. डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप बराच वेळ ठेवला. त्याच्यासाठी तेवढंच करण्यासारखं उरलं होतं आणि ते नीट झालं.

पण तसंच इंजेक्शन आमच्या निवाऱ्यातल्या ब्राऊनीला द्या म्हणणारे लोकही होते. ती मार्केटजवळ सापडली तेव्हा मागच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ होती, रक्त ठिबकत होतं, लोक दगड मारून हाकलत होते. तो कॅन्सरच, पण कुत्र्यांमध्ये मैथुनातून पसरणारा, आणि बहुतेक वेळा बरा होणारा. आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाचं एक इंजेक्शन, चारेक ते सहा आठवडे. ते शिरेतच जावं लागतं, थेंब बाहेर सांडला तर कातडी जळते, म्हणून तिला घट्ट धरावं लागायचं. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबलं. चौथ्यानंतर गाठ बोटांना लागेना. आता नसबंदी झाली आहे, डाव्या कानाला खूण आहे, अंगावर तांबूस केस भरून आलेत. आणि ती पिंजऱ्यातच आहे.

कारण येणारं प्रत्येक कुटुंब पिल्लू मागतं. नर, गोरा, जमलं तर लॅबसारखा. आजही पर्वरीहून एक जोडपं आलं, ब्राऊनीसमोर थांबलंसुद्धा नाही. लोकांना वाटतं मोठ्या कुत्र्याला माणसाचा लळा लागत नाही. मला उलट अनुभव आहे. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो: मुलांशी कसं आहे, मांजराच्या मागे धावतं का, एकटं राहिलं की भुंकतं का. पिल्लाचं हे काहीच सांगता येत नाही. पहिले काही दिवस मोठं कुत्रं कोपऱ्यात बसेल, खाणार नाही, पट्टा दिसला की थरथरेल. तेवढे दिवस त्याला कुणी हात लावायला जाऊ नये, वाटी ठेवून आपलं काम करत राहावं. बहुतेक कुत्रं मग आपणहून उठून येतं. पाहुण्यांना दाखवायला म्हणून नेलेली कुत्रीच परत येतात, कारण पहिल्याच रविवारी घर माणसांनी भरलेलं असतं.

ब्राऊनीला घर मिळणार की नाही हा प्रश्न आता एका कुत्र्यापुरता उरलेला नाही. ती कुणाच्या घरी गेली तर बसस्टँडवरच्या एकाला तो पिंजरा मिळेल. इतका साधा हिशेब मी शिक्षक खोलीत सांगते तेव्हा सगळे मान हलवतात, पण कुत्रं कुणी नेत नाही. उद्या पुन्हा सांगेन.

दुपारी सत्तरीतून एका काकींचा फोन आला होता. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, माकडं आणि रानडुकरं येतात, दांडगा नर हवा होता. मी ब्राऊनीचं सांगितलं. मादी आहे म्हटल्यावर जरा थांबल्या, नसबंदी झालीय म्हटल्यावर म्हणाल्या, "बघूया, घेऊन ये." त्या बाजूला बिबट्या कुत्री उचलतो. त्यामुळे उद्या शाळा सुटली की वाळपईची बस पकडून आधी मी एकटीच जाऊन येणार. आवाराला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे का, जेवायला काय देणार, वर्षाची लस कोण टोचून आणणार, सगळं विचारायचंय. रात्री तिला घरात घेणार असतील तरच देईन.