द्वितीयेची लाँच

पहाटे साडेपाचला भाऊच्या धक्क्यावर आम्ही अकरा जण अकरा सायकली घेऊन उभे होतो. मासळीचा लिलाव ऐन भरात होता. बर्फाच्या गाड्या, पाट्या, कोळणींचा आरडाओरडा, पायाखाली खारट चिखल. रेवसची पहिली लाँच पकडायची, साडेसातला पलीकडे उतरायचं आणि अंधार पडायच्या आत दिवेआगर गाठायचं, असा बेत. जवळजवळ शंभर किलोमीटर आणि मध्ये आगरदांड्याहून दिघीला जायची फेरीबोट.

खिडकीवर कळलं, ओहोटी आहे. रेवसच्या धक्क्यापाशी गाळ साचलेला असतो, पाणी उतरलं की लाँच तिथे लागतच नाही. पाणी चढेपर्यंत थांबायचं. किती वेळ? शेजारी जाळं आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या खलाशाला विचारलं, तर त्यांनी मलाच उलट विचारलं, "आज तिथी कोनती?"

पौषातली द्वितीया होती.

"मग पाऊनपट कर ना. दोनाची पाऊनपट दीड. दीडला भरती. त्याच्या सहा तास आदी सुकती. साडेसातला पानी तळाला जानार, नऊशिवाय काय खरं नाय."

इतका सोपा हिशेब! तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची अंदाजे वेळ निघते. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात मी चतुर्थी बघते, एकादशी बघते. सहा महिने टूरची आखणी केली, प्रत्येक चढ नकाशावर तपासला, आणि समुद्र ओलांडायच्या दिवशी तिथी कोणती हे बघितलंच नाही. ही चूक माझी.

सहा वाजताच माझ्यापुढे प्रश्न उभा होता: हे तीन तास कुठून काढायचे?

आमच्यातल्या एका तरुण मुलाचं उत्तर तयार होतं. "ताई, ताणू या. ब्रेक कमी करू, जेवण सायकलवरच." तो ताशी पंचवीसने सहज जातो, त्याला जमलंही असतं. पण आमच्यात चौसष्ट वर्षांचे काका आहेत. ते चौदाने चालवतात, दिवसभर, न कुरकुरता. ग्रुपला उशीर झाला की त्याचा भार शेवटच्या माणसाच्या पायांवर पडतो. पुढच्यांचा चहाचा थांबा जातो, मागच्याचा श्वास जातो.

हे मी शिकले तीन वर्षांपूर्वी. गाडी चार तास उशिरा कुडाळला पोचली होती. एकेरी मार्ग, प्रत्येक क्रॉसिंगला थांबत आलो. उतरल्यावर मीच सगळ्यांना म्हटलं, मालवणचं बुकिंग आहे, चला, भरून काढू. अंधारात एका खड्ड्यात आमची मैत्रीण पडली. कॉलरबोन मोडलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला अजून टोचतं. तेव्हापासून ठरवलंय, उशीर अंतरातून वजा करायचा, वेगाला हात लावायचा नाही.

म्हणून धक्क्यावरच जाहीर केलं: आज मुरूडला मुक्काम. मुलगा हिरमुसला. दिवेआगरला ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या काकूंना मी आठ वाजता फोन लावला. जितक्या लवकर कळवू तितकं त्यांचं नुकसान कमी, अकरा माणसांचं जेवण म्हणजे मासळी, नारळ, सगळं आणायचं असतं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाजारात निघालेच होते हो. असू दे, उद्या दुपारी जेवायलाच या. मोदक करते." मी त्यांना रात्रीचे अर्धे पैसे पाठवले. त्या नको म्हणत होत्या, पण खोली आमच्यासाठी अडवलेली होती.

सव्वानऊला लाँच लागली. सायकली टपावर चढवताना मी स्वतः वर उभी राहिले. लाँचवरचा पोरगा चाकाला धरून ओढायला लागला, त्याला फ्रेमला धरायला सांगितलं. प्रत्येक सायकल डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाची, बाजू वर ठेवून आडवी, दोन सायकलींमध्ये गोणपाटाची घडी. एका सायकलचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये घुसलं की पुढचा दिवस दुरुस्तीतच जातो. रेवसला उतरल्यावर पाण्याच्या बाटलीने चेन धुतली, फडक्याने कोरडी केली, तेल दिलं. खारं पाणी चेनवर तसंच राहिलं तर ती गंजायला लागते.

चोंढी, अलिबाग, रेवदंड्याचा पूल, काशीद. जेवायला नीट तासभर बसलो. नांदगावच्या पुढच्या चढावर काका उतरून चालले, मी त्यांच्यासोबत चालले, घाई कुणालाच नव्हती. पाच वाजून दहा मिनिटांनी ते मुरूडच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा चांगला उजेड होता. सायकल वाळूत आडवी टाकून ते पाण्यातल्या पद्मदुर्गाकडे बराच वेळ बघत राहिले. तो मुलगा त्यांच्यासाठी शहाळं घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवेआगरला मोदक खाल्ले, तुपाची धार पानातून ओघळेपर्यंत. मुक्काम केळशीऐवजी हरिहरेश्वरला केला आणि शेवटच्या दिवसातून दाभोळ गाळलं.

पुढच्या वेळी रेवसला नवमीला जायचं ठरवलंय. नवाची पाऊणपट पावणेसात. पहाटे धक्क्यावर पाणी भरपूर असेल.