सर्पिन अपडेट: अंड्यातलं प्रोटीन उरकलं, आता लॅम्प्रे

मंडळी, सर्पिन या प्रोटीनच्या घराण्यातली अँटीट्रिप्सिन, अँटीथ्रॉम्बिन आणि कोंबडीच्या अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन एकाखाली एक लावायला घेतली होती, ते झालं एकदाचं. सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) युनिप्रॉटवरून, अलाइनमेंट (क्रम जुळवून लावणं) क्लस्टल ओमेगात, रचना कायमेराएक्समध्ये, म्हणजे सगळा फुकटातला कारभार.

नवीन आलेल्यांसाठी पटकन: सर्पिनच्या डोक्यावर एक लूप असतो, प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) तो चावायला येतं, लूप तुटतो आणि तुटल्या तुटल्या ए-शीटमध्ये (प्रोटीनच्या आतल्या पट्ट्यांच्या थरात) घुसून बसतो, आणि चिकटलेलं प्रोटिएज ७० अँगस्ट्रॉम फरफटत दुसऱ्या टोकाला जाऊन चेपतं. उंदराचा चापच, फक्त एकदाच वापरायचा. २००० साली ट्रिप्सिन या प्रोटिएजसकट हे क्रिस्टलमध्ये दिसलं, ती रचना उघडून फिरवून बघाच, ट्रिप्सिनची पार वाट लागलेली असते.

तर ओव्हाल्ब्युमिन. अँटीट्रिप्सिनशी जेमतेम ३० टक्के जुळतं पण सांगाडा तोच, आणि तरी ते काहीच अडवत नाही. असं का, ते लूपच्या बिजागरीत, म्हणजे तो जिथून शीटमध्ये वळतो त्या भागात, दिसतं. अँटीट्रिप्सिनमध्ये तिथे थ्रिओनीन, ग्लुटामेट, अॅलानीन, अॅलानीन, ग्लायसीन, अॅलानीन, सगळी आटोपशीर मंडळी (ग्लुटामेट सोडा). ओव्हाल्ब्युमिनमध्ये त्याच जागी आर्जिनीन, ग्लुटामेट, व्हॅलीन, व्हॅलीन, ग्लायसीन, सेरीन. त्या पहिल्या आर्जिनीनची लांबलचक चार्जवाली शेपटी शीटच्या आत जाणार कशी? थ्रिओनीनच्या जागी ती बघितली आणि मी तिथेच थांबलो, चहा गार झाला.

बिजागरी ठरवते की चाप मिटेल का, आणि कोणाला पकडायचं ते ठरतं लूपच्या चाव्याच्या जागेवर. अँटीट्रिप्सिनचं ३५८ वं मेथिओनीन जाऊन आर्जिनीन आलं की इलास्टेज हे प्रोटिएज सोडून ते रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनच्या मागे लागतं, पिट्सबर्ग म्युटेशन म्हणतात ते, ते ज्या मुलात सापडलं त्याला भयंकर रक्तस्राव व्हायचा. एवढ्याशा बदलात गिऱ्हाईक बदलतं म्हटल्यावर उत्क्रांती इथेच खेळत बसणार ना, उंदरात सर्पिन-ए३ जीनच्या डझनभर कॉप्या आहेत, माणसात एकच, आणि उंदराच्या कॉप्यांमध्ये सगळ्यात जास्त फरक लूपमध्येच.

आता खरी मजा अँजिओटेन्सिनोजेनची. आपल्यात त्याचं काम एवढंच की रेनिनने पुढचं टोक कापायचं आणि त्यातून रक्तदाबाचं हॉर्मोन निघायचं, मागचा अख्खा सर्पिन नुसता ओझं वाहतो असं वाटतं. पण लॅम्प्रे, म्हणजे तो बिनजबड्याचा मासा, त्याचं अँजिओटेन्सिनोजेन थ्रॉम्बिनला चक्क अडवतं, आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं की आणखी जोरात. म्हणजे माझ्या मते अडवण्याचं काम आधीचं आणि आपल्या वंशात ते सुटलं, पण हे ठामपणे म्हणायला मधले मासे बघायला लागतील.

सध्या झेब्राफिश आणि शार्कचे सिक्वेन्स उतरवतोय, बिजागरीचे तेवढे तुकडे वेगळे काढून रंगवणार, मग उत्क्रांतीचं झाड. कोणाकडे सीलाकँथ या माशाचा धड पूर्ण सिक्वेन्स असेल तर टाका, मला मिळालेला मध्येच तुटलाय आणि तोही नेमका लूपपाशी.