वसई : फिरंगी गेले, मिस्सा राहिली

वसईचा किल्ला बघायला तिकीट लागत नाही, की दरवाजा उघडायची वाट पाहावी लागत नाही. स्टेशनवरून किल्लाबंदरची बस धरली की ती तटाच्या आत शिरते, पडक्या चर्चांमधून वाट काढते आणि कोळीवाड्यात नेऊन सोडते. माझ्या शेजारी रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या मावशींनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. रोजचीच वाट. मी मात्र मान वेळावून दोन्हीकडे बघत होतो आणि त्यांना ते गमतीचं वाटत असावं.

मी नगरचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वातावरण. कॉलेजात, एसटी स्टँडवर, कधी चेष्टेत तर कधी जरा खवचटपणे विचारलेला एक प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे : ‘इंग्रज तर गेले, मग तुम्ही कसे काय मागे राहिलात?’ खरं तर आमच्या बाबतीत हा प्रश्न नीट लागूच पडत नाही. आमच्याकडे आले ते अमेरिकन मिशनरी. त्यांचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत बोटीत बसवायला निघालं होतं. पण वसईचं तसं नाही. इथे धर्म आला तो राजाच्या जहाजातून, राजाच्या तोफांच्या सावलीत. म्हणजे त्या प्रश्नाची खरी परीक्षा घ्यायची तर ती वसईतच.

बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर पोर्तुगालचं राजचिन्ह अजून दिसतं. दगड खाऱ्या वाऱ्याने झिजलाय, पण ढाल ओळखू येते. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. तीनच वर्षांनी दीवजवळ समुद्रात, त्याच पोर्तुगिजांशी उडालेल्या झटापटीत तो मेला. गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हुकमावरून पहिला कप्तान गार्सिया द सा याने १५३६ मध्ये हा कोट बांधल्याचा शिलालेख इथे नोंदलेला आहे. पुढे वसई ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. उमराव, पालख्या, गुलाम, मठ, इस्पितळ, सगळं काही या तटाच्या आत. गंमत म्हणजे १५८० ते १६४० अशी साठ वर्षं खुद्द पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा राजा बसला होता. वसईच्या धन्यांनाही धनी होता.

मग १७३९. चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. सुरुंग लागले, तट फुटला, मराठ्यांची हजारो माणसं पडली. किल्ल्याचा सेनापती मारला गेला आणि मे महिन्यात कायतानो द सौझा परेरा नावाच्या कप्तानाने शरणागतीच्या तहावर सही केली. फिरंगी फौज निशाणं फडकवत, नगारे वाजवत बाहेर पडली. हरलेल्याला मानाने जाऊ देण्याचा तो मोठेपणा मला अजून आवडतो. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक वाईजवळच्या मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. मेणवलीची मी स्वतः पाहिली आहे; तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. देवळातल्या कुणाला तिचं वावडं नाही.

चिमाजी अप्पांचं स्मारक किल्ल्यात रस्त्यालगतच आहे. मी गेलो तेव्हा पायऱ्यांवर शाळेची सहल डबे खात होती. या विजयानंतर दोन वर्षांच्या आत बाजीराव आणि चिमाजी दोघेही भाऊ गेले. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, साळबाईच्या तहात परत दिला. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला, यशवंतराव होळकरांच्या भीतीने पुण्याहून पळून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून पेशवाईची मान त्यांच्या हाती दिली. मराठ्यांचा सगळ्यात अभिमानाचा विजय आणि सगळ्यात लाजिरवाणी सही, दोन्ही एकाच गावात, त्रेसष्ट वर्षांच्या अंतराने. इंग्रजांनाही या जागेचं फारसं काही जमलं नाही. एका साहेबाने तटाच्या आत ऊस लावून साखरेचा उद्योग करून पाहिला, तोही बसला. आता किल्ल्यात प्री-वेडिंगच्या जोड्या फिरतात. फोटोग्राफर ओरडतो, ‘मॅडम, नजर वर!’

पण किल्ल्यात फक्त राजांचे वाडेच पडलेत असं नाही. सगळ्यात उंच, सगळ्यात देखणे अवशेष चर्चचेच आहेत. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट, प्रत्येक कॅथलिक धर्मसंघाचं आपलं मोठं चर्च आणि मठ. सेंट जोसेफच्या दर्शनी भिंतीवरच्या लेखात १६०१ साल आहे आणि गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांचं नाव. दोनच वर्षं आधी केरळात उदयंपेरूरला सीरियन ख्रिस्ती लोकांना रोमच्या शिस्तीत बसवायला गेलेले ते हेच. केवढा दरारा असेल या माणसाचा! आता त्यांच्या नावाखाली कबुतरं. मनोऱ्याच्या अरुंद गोल जिन्याने वर गेलं की खाडी, पूल, पलीकडे घोडबंदरचे डोंगर दिसतात. खाली वेदीच्या जागी झुडपं. जेझुइटांना तर त्यांच्याच पोर्तुगालच्या सरकारने १७५९ मध्ये हाकललं आणि १७७३ मध्ये पोपने संघच बरखास्त केला. (पुढे तो पुन्हा उभा राहिला, ते वेगळं.) तेव्हा क्रूस लावला की दगड अमर होतो, असं काही इथे दिसत नाही. सत्तेच्या मांडीवर बसलेलं चर्च सत्तेबरोबरच कोसळलेलं दिसतं, आणि ख्रिस्ती म्हणून मला ते बघायला बरं वाटलं. वाईट नाही, बरं.

जेझुइटांच्या चर्चमध्ये थडग्यांचे दगड आहेत. त्यांतल्या इझाबेल द आगियार या विधवेच्या दगडाविषयी वाचून गेलो होतो. मृत्यू जानेवारी १५९१, ‘या कॉलेजची मोठी उपकारकर्ती’. बाईने आपलं द्रव्य या भिंतींना दिलं. भिंतींचं काय झालं ते समोर आहे.

पण याच जेझुइटांच्या आवारात, ही बाई हयात असताना, एक पोरगा शिकत होता. गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७ च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच कोकणातली. थोरामोठ्यांच्या त्या शहरात मिश्र रक्ताच्या पोराला काय मान असणार? पंधरा-सोळाव्या वर्षी तो पाद्र्यांबरोबर जपानला गेला. भाषा शिकला, व्यापारात पैसा केला, मग सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला, फादर नव्हे. जपानी अस्खलित बोलायचा म्हणून १५९३ मध्ये दूतमंडळाबरोबर दुभाष्या होऊन तोयोतोमी हिदेयोशीपुढे उभा राहिला. हिदेयोशी म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून वर येऊन अख्खा जपान मुठीत घेतलेला माणूस. १५९६ मध्ये स्पेनचं एक जहाज किनाऱ्याला लागलं, त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशीने हुकूम सोडला. सव्वीस जणांचे कान कापले, ऐन थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला टेकडीवर क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्यांत वसईचा गोन्सालो होता.

पुढच्याच वर्षी हिदेयोशी मेला. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि त्याच्या मुलाबरोबर वंशही संपला. ज्यांनी तो संपवला त्या तोकुगावांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, पाद्री मारले, पोर्तुगिजांना दारं लावली. दोनशेहून अधिक वर्षं त्या देशात उघडपणे काम करणारा एकही पाद्री नव्हता. मग १८६५ मध्ये नागासाकीला फ्रेंच पाद्र्यांनी नवं चर्च बांधलं, त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने. मार्च महिन्यात उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले आणि त्यांनी फादरला हळूच सांगितलं की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात बाप्तिस्मा देत, प्रार्थना पाठ करत त्यांनी धर्म जपला होता. ना राजा, ना फादर, ना चर्च. गोन्सालोला त्याआधी तीनच वर्षं, १८६२ मध्ये, संतपद मिळालं होतं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. किल्ल्यातलं जेझुइटांचं ते चर्च आता त्याच्याच नावाने ओळखलं जातं आणि त्याच्या सणाला तिथे आजही मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते. इझाबेलबाईंचे पैसे अगदीच वाया गेले म्हणता येणार नाहीत.

दुपारी किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात गेलो. वलांड्यांवर बोंबील वाळत होते, वासाबद्दल लिहीत नाही. घराघरावर क्रूस, होड्यांवर संतांची नावं. एका ओट्यावर जाळं शिवत बसलेल्या आजोबांना किल्ल्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, ‘किल्ला काय, पावसापाण्याचा आडोसा.’ १७३९ मध्ये फौज गेली, उमराव गेले, गोरे पाद्रीही बहुतेक गेले. ही माणसं कुठे जाणार? यांची होडी इथे, वाफे इथे, विहीर इथे. राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात मिळाली होती. पुढे गोव्याकडचे देशी पाद्री त्यांना सांभाळत आले. पण राजाचं पाठबळ मात्र कायमचं गेलं. उलट, ख्रिस्ती असण्यात आता काडीचाही फायदा उरला नव्हता. मला विचाराल तर वसईतला ख्रिस्ती धर्म खऱ्या अर्थाने रुजला तो तेव्हा.

उत्तरेकडे जाताना निर्मळला उतरलो. तळ्याकाठी टेकाडावर शंकराचार्यांचं स्थान आहे. पोर्तुगिजांनी इथली देवळं पाडली, तीर्थ बंद पाडलं. मराठे आल्यावर देऊळ पुन्हा उभं राहिलं आणि कार्तिकातली यात्रा आजही जोरात भरते. त्याच गावात होली क्रॉसचं चर्चही आहे. ख्रिस्ती माणसाने वसईवर लिहिताना निर्मळ गाळलं तर तो अर्धं सांगतो. दोनशे वर्षं राजाने दडपूनही इथल्या हिंदूंची श्रद्धा गेली नाही. तलवारीने जी पुसता येत नाही ती तलवारीने पेरताही येत नसणार. मग पाडलेल्या देवळांचा हिशेब फिरंग्यांनी कोणापुढे द्यायचा तो देवो.

रविवारी सकाळी नंदाखालला मिस्सेला बसलो. सामवेदी ख्रिस्ती (मूळच्या सामवेदी समाजातल्या) लोकांचं हे गाव, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं जन्मगाव. धाराशिवला जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या जागी बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २०२४ मध्ये ते गेले. चर्च गच्च भरलेलं. पुढच्या बाकांवर लाल चौकड्यांच्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, मागे जीन्समधली पोरं, दाराशी कडेवर मुलं घेतलेले बाप. पेटी आणि तबल्यावर मराठी गीत. १९६० च्या दशकापर्यंत इथे मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, हे त्या सुरात बसून खरं वाटेना. मी प्रॉटेस्टंट, म्हणून ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला उठलो नाही. शेजारच्या काकांनी कोपराने ढोसलं, मी मान हलवली, त्यांना काय ते कळलं.

शेवटी लग्नाच्या सूचना वाचल्या गेल्या. परेरा, लोपीस, तुस्कानो, डिमेलो, डाबरे. कालच्या थडग्यांवर आणि तहनाम्यांत असली आडनावं वाचली होती. शरणागतीवर सही करणारा परेरा निघून गेला. इथला परेरा पानवेल लावतो आणि पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे.

मिस्सा झाल्यावर ढोसणाऱ्या काकांनी घरी चहाला नेलं. समोर सुकेळी (वाळवलेली केळी) ठेवली, ती मी एकट्यानेच संपवली. मग त्यांना तो माझा जुना प्रश्न विचारला : राजे गेले, तुम्ही कसे राहिलात? काका हसले. त्यांनी हात करून वाडीच्या कुंपणापलीकडे दाखवलं. तिथे कालपरवापर्यंत केळी होत्या म्हणे, आता सात मजल्यांचा सांगाडा उभा होता.

‘फिरंग्यांचं सोडा हो,’ काका म्हणाले, ‘बिल्डरचं बोला. दिब्रिटो फादरबरोबर आम्ही हरित वसईच्या मोर्च्यात होतो. आता माझी दोन्ही पोरं कॅनडात. तिकडेही रविवारी मिस्सेला जातात, फोटो पाठवतात. पण इथली विहीर कोण उपसणार?’ आतून काकूंचा आवाज आला, ‘आधी त्या पावण्याला चहा तर पिऊ द्या!’