मे महिन्यातला सडा आणि पाकिटातली माती

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळ पठारावर, चिऱ्याची (बांधकामाच्या जांभा दगडाची) खाण काढायची होती. त्याआधीच्या जैवविविधता पाहणीत डबक्यांतल्या अपृष्ठवंशी जिवांचा भाग माझ्याकडे आला, आणि पाहणी ठरली मे महिन्यात. सड्यावरचे जलचर मे महिन्यात शोधायला लावणं हा या सगळ्या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष आहे. तेव्हा तिथे तापलेला काळा कातळ, करपलेलं गवत आणि खोलगट जागांत बोटभर माती, एवढंच दिसतं. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य जमीन) असतो, अहवालात ‘जलचर आढळले नाहीत’ असं लिहिलं जातं आणि कागद पुढे सरकतो.

त्या बोटभर मातीत फेअरी श्रिम्पची अख्खी पुढची पिढी असते. हा कोळंबीचा दूरचा नातलग. पाठीवर कवच नाही, पायांच्या अकरा जोड्या वर करून उताणा पोहतो. पावसात डबकं भरलं की अंड्यातून निघतो, एक-दोन आठवड्यांत वयात येतो आणि डबकं आटायच्या आत अंडी टाकून संपतो. अंडी सुकतात, भाजून निघतात, तरी वर्षानुवर्षं टिकतात. सह्याद्रीतल्या स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस या जातीचं शास्त्रीय वर्णन थेट २०१४ मध्ये झालं. ज्या गटाची ओळख इतकी अलीकडची आहे, त्यात ‘इथे काही विशेष नसणार’ असं न बघता म्हणणं मला मान्य नाही.

माती गोळा करायला सपाट चमचा, रंगाऱ्याचा एक इंची कोरडा ब्रश आणि कागदी पाकिटं लागतात. प्लास्टिकच्या पिशवीत दमट धरतो, बुरशी येते, अंडी वाया जातात. वरचा जेमतेम एक सेंटिमीटर थर घ्यायचा, त्याखाली खरवडायचं नाही. एकाच डबक्यात तळाचा खोल भाग, मधला उतार आणि काठ अशा तीन जागा घ्यायच्या, कारण पाणी हटत जातं तशी अंडी वेगवेगळ्या पट्ट्यांत पडतात. प्रत्येक डबक्याला वेगळा ब्रश. बुटांच्या तळव्यांची मातीही तिथेच झाडायची, नाहीतर एका डबक्याची अंडी दुसऱ्यात आपणच पेरतो. नोंद पेन्सिलीने.

घरी पसरट ट्रेमध्ये मातीचा पातळ थर आणि वर तीन-चार सेंटिमीटर पाणी. हे पाणी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं हवं. क्षार कमी असलेलं ताजं पाणी हाच अंड्यांना मिळणारा इशारा असतो, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिल्लांना मारतं. उजेडही हवा, अंधारात गाडलेली बरीच अंडी उघडतच नाहीत. एक-दोन दिवसांनी ट्रेच्या एका बाजूने टॉर्च धरला की झटके देत पोहणारे ठिपके प्रकाशाकडे जमा होतात. खाणं म्हणून यीस्ट अगदी चिमूटभर. जास्त पडलं की पाणी गढूळ होतं, प्राणवायू घटतो आणि रात्रीत सगळी मरतात. जात ओळखायला प्रौढ नर लागतो: त्याच्या शृंगिकांची (डोक्यावरच्या स्पर्शिकांची) दुसरी जोडी मादीला धरायची पकड बनलेली असते आणि तिची ठेवण जातीनुसार बदलते. म्हणून पिल्लं मोठी करण्याला पर्याय नाही. पहिल्या भिजवणीत काहीच निघालं नाही तर माती सुकवून पुन्हा भिजवायची. सगळी अंडी एका पावसाला उघडत नाहीत. सगळी उघडली आणि तो पाऊस दोन दिवसांत थांबला तर वंश बुडेल.

पाऊस लागायच्या आत सड्यावर बैठक झाली, तेव्हा मी ट्रेमध्ये वाढवलेल्या फेअरी श्रिम्पची बरणी घेऊन गेलो. मादीच्या पोटाखालची अंड्यांची पिशवी साध्या भिंगातून दिसत होती. जागेच्या मालकांनी बरणी उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली. “लहानपणी गुरं चारायला यायचो तेव्हा बघितलेत हे,” म्हणाले, आणि मग सरळ प्रश्न टाकला: “मातीत अंडी आहेत ना? मग माती न्या, दुसरीकडे टाका. खाणीत पुढे पाणी साठेलच.”

प्रश्न प्रामाणिक होता आणि तो तिथल्या सगळ्यांना पटला. पण चिऱ्याची जुनी खाण पुरुषभर खोल असते, दिवाळीनंतरही तिच्यात पाणी राहतं. तेवढ्या काळात चतुरांच्या अळ्या वाढतात, डासांसाठी कुणी गप्पी मासे सोडतं, आणि फेअरी श्रिम्पला पळण्यापलीकडे कसलाही बचाव नसतो. लवकर आटणं हेच त्यांचं संरक्षण. दुसऱ्या सड्यावरच्या डबक्यात टाकावी, तर तिथली वस्ती वेगळी असू शकते. ती यात मिसळली की दोन्हींची मूळ ओळख पुसली जाते. कातळात हवा तेवढा उथळ खड्डा खोदता येईल, पण त्यात पाणी आणणारा वरचा उतार आणि किती दिवसांत आटायचं याचं गणित कुठून आणणार?

मालकांनी डबक्यांचा कोपरा सोडायची तयारी दाखवली, हे त्यांच्या बाजूने मोठंच आहे. अडचण खाणीच्या रस्त्याची. तो वरच्या अंगाने जातो. भराव पडला की डबक्यांकडे वाहणारं पाणी तिथेच अडेल.

उरलेली निम्मी माती मी कोरड्या डब्यात, पाकिटांसकट ठेवली आहे. अहवालात ते पद्धतीच्या भागात लिहिलं होतं. मसुदा परत आला तेव्हा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराने ते वाक्य उचलून ‘संवर्धनाच्या उपाययोजना’ या तक्त्यात घातलेलं होतं: अंडी सुरक्षित जतन. फेअरी श्रिम्प वन्यजीव कायद्याच्या कुठल्याही अनुसूचीत नाहीत, त्यामुळे तक्त्यातली ती एक ओळ परवानगीला पुरेशी ठरू शकते. मी ती काढायला लेखी कळवलं, जागी तीन अटी दिल्या: रस्ता खालच्या अंगाने, वरच्या उतारावर भराव नाही, आणि ऑगस्टमध्ये दुसरी पाहणी. माती टाकून दिली असती तर ती ओळ आलीच नसती, हा विचार डोक्यातून जात नाही. पण रस्ता वरूनच गेला, तर या सड्याची अंडी त्या पाकिटांपलीकडे कुठेही उरणार नाहीत. म्हणून ती ठेवली आहेत.