कुकरच्या हँडलचा स्क्रू

मागच्या शनिवारी भांडी घासताना कुकरच्या हँडलचा स्क्रू सिंकच्या भोकात गेला. निघताना आईने बॅगेत कोंबलेला तीन लिटरचा कुकर, त्यामुळे नवीन घ्यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही राहतो आर्कान्सातल्या बेंटनविलला, म्हणजे वॉलमार्टच्या माहेरी. इथे मिळत नाही असं काही नसतं, असा माझा दोन वर्षांचा समज. मोठ्या दुकानांच्या तीन फेऱ्या झाल्या. स्क्रू होते ना, पण पंचवीसच्या पाकिटात, आणि पाकीट फोडून बघायचं नाही. 'यातला कुठला बसेल?' असं विचारलं, तर पोराने फोनमध्ये बघून रांगेचा नंबर सांगितला. अहो, त्याच रांगेत उभी आहे मी!

रविवारी ऑझार्कच्या डोंगरात फिरायला गेलो, तेव्हा एका लहानशा गावाच्या चौकात हार्डवेअरचं दुकान उघडं दिसलं. चौकातली बाकीची बहुतेक दुकानं बंदच होती. गल्ल्यावर ऐंशीच्या घरातले आजोबा. हँडल त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "इंचातलं नाही, मिलिमीटरमधलं आहे." मग पत्र्याचे खण उपसून तिसरा स्क्रू बरोबर बसवला. तीस सेंट. कार्ड चालत नाही, माझ्याकडे सुटे नाहीत. "पुढच्या खेपेला द्या." अमेरिकेत उधारी! मला एकदम कागलच्या मामाचं दुकान आठवलं. "पण लवकर या. डिसेंबरात बंद करतोय."

परतताना गाडीत मी बरीच चिडचिड केली. सॅम वॉल्टननी 1962 मध्ये इथून जवळच, रॉजर्सला पहिलं वॉलमार्ट काढलं. बाकीच्या कंपन्या ज्या गावांकडे ढुंकून बघत नव्हत्या, तीच गावं त्यांनी धरली. आधी गोदाम, मग तिथून ट्रक एका दिवसात पोचेल अशा अंतरावर दुकानं. घाऊक खरेदीच्या त्या भावापुढे चौकातला दुकानदार किती टिकणार? आणि मोठं दुकान तरी कायमचं राहतं का? 2016 च्या जानेवारीत कंपनीने जगभरातली 269 दुकानं बंद करायचं जाहीर केलं. त्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या किंबॉलचं होतं. खाणी आधीच बसत चाललेल्या, त्यात हेही गेलं. नोकऱ्या गेल्या आणि किराण्यासाठी लांब जायची वेळ आली.

नवरा शांतपणे म्हणाला, "आजोबांचा नातू कुठे काम करतो, ऐकलंस ना?" ऐकलं होतं. गोदामात, फोर्कलिफ्टवर. केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर अडकलंय, आर्कान्सात 11 आहे, आणि वॉलमार्टच्या दुकानात सुरुवातच 2023 पासून 14 ने होते. आजोबा त्याला एवढे कुठून देणार?

शिवाय मी कुठल्या तोंडाने बोलतेय? कुठल्या गावातल्या दुकानात कुठल्या मालाची किती पाकिटं पाठवायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यावर घराचा हप्ता जातो. सुटा एक स्क्रू त्यात बसत नाही, कारण एक स्क्रू विकून कुणाचंच भागत नाही, आजोबांचंही नाही. अर्थात मी नसते तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलंच असतं.

आईला फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाली, मामाचं बरं चाललंय. सामान घरपोच देतो, वही ठेवतो, पाव किलो रवासुद्धा बांधून देतो. आपल्याकडची दुकानं अशी नाही बुडत, म्हणून मी छाती फुगवली. पुढच्याच वाक्याला तिने सांगितलं की तूरडाळ मात्र ती हल्ली मॉलमधूनच आणते. "किलोमागे बारा रुपये वाचतात गं. मामाला सांगू नकोस."

आजोबांचे तीस सेंट सुटे करून गाडीत ठेवले होते. काल नवऱ्याने त्यातलं पंचवीसचं नाणं टायरमध्ये हवा भरायच्या मशीनमध्ये घातलं.