लेअप शेवटाकडून शिकवा

एप्रिल लागला की नागपुरातल्या बास्केटबॉल कोर्टांवर उन्हाळी शिबिरं सुरू होतात आणि पहिल्याच सकाळी सगळ्या पोट्ट्यांना बास्केट करायची असते. त्यांना पंधरा दिवस नुसतं ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, करायला लावू नका, निम्मी पोरं गळतात. रिंगपाशी न्या, फक्त लेअपची, म्हणजे रिंगजवळ येऊन उडी मारत एका हातानं चेंडू बोर्डवरून आत टाकण्याची, शेवटची पायरी आधी शिकवा.

चेंडू मात्र वयाप्रमाणेच. अकरा वर्षांपर्यंत ५ नंबर, त्यापुढे मुलींना ६, मोठ्या मुलांना ७. लहान हातात ७ नंबर दिला की पोरगं दोन्ही हातांनी छातीवरून ढकलतं आणि ती सवय जाता जात नाही. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कंबरेपर्यंत परत यावा. उन्हात पडलेल्या चेंडूतली हवा तापते आणि तो जास्त उसळतो, म्हणून चेंडू सावलीतच ठेवा.

आता उजव्या हाताचा लेअप. मुलाला रिंगच्या उजव्या बाजूला, तिरकं, एका पावलावर उभं करा. डावा पाय पुढे. उजवा गुडघा वर, त्यासोबतच उजवा हात वर, आणि चेंडू बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर. दहातले सात आत गेले की एक पाऊल मागे या आणि 'उजवा, डावा, उडी' असं मोठ्यानं म्हणत चालत करवून घ्या. इथे ड्रिबल नको. तुम्ही कंबरेच्या उंचीवर तळहातावर चेंडू धरा, उजवा पाय टेकताना मुलानं तो उचलायचा. हे जमलं की एक ड्रिबल: डावा पाय टाकताना चेंडू आपटायचा, पुढे तेच उजवा, डावा, उडी. पळत येणं सगळ्यात शेवटी.

चुकतं ते बहुधा वेगामुळे. उलट्या पायावर उडी पडली की ओरडून काही होत नाही; परत चालत करायला लावा आणि सिमेंटवर खडूनं दोन पावलं काढा. पहिलं लांब, दुसरं आखूड. दुसरं पाऊल लांब पडलं की उडी वर न जाता पुढे जाते आणि चेंडू बोर्डवर जोरात आपटून बाहेर येतो. चेंडू रिंगला खालून लागत असेल, तर मूल फार आत येऊन उडतंय. खडूची खूण मागे घ्या. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून जास्तीची पावलं, होतंय? नजर चेंडूवर आहे. रोज दहा मिनिटं ड्रिबल करताना तुम्ही बोटं दाखवा, त्यांनी आकडा सांगायचा. तळहातानं थापट्या मारू द्यायच्या नाहीत, बोटांनीच दाबायचं.

नेमबाजीसाठी रिंगपासून एक मीटरवर, एका हातानं, एवढंच पुरे. फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची) रेषा बोर्डपासून ४.६० मीटरवर असते. तिथून जोर लावावा लागतो आणि कोपर बाहेर जातं.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सहाला सुरू करून साडेसातला कोर्ट सोडा. दर पंधरा मिनिटांनी पाणी. सुरू करण्याआधी कोर्ट झाडून घ्या, सिमेंटवरच्या धुळीत थांबताना पाय घसरतो.

डावा हात दुसऱ्या आठवड्यात, पुन्हा एका पावलापासून. बचाव करणारा त्यानंतरच, आणि तोही आधी समोर नाही: मागून, एक पाऊल अंतर ठेवून पळणारा.