खालच्या मजल्यावरचं बाळ आणि सॉनी रॉलिन्स

मार्चमध्ये एका सकाळी आमच्या दाराखालून चिठ्ठी सरकवलेली मिळाली. न्यूयॉर्कमध्ये शेजारी तक्रार घेऊन दारात येत नाहीत, चिठ्ठी टाकतात. खालच्या मजल्यावर बाळ आलंय, तीन आठवड्यांचं आहे, तुमचं गाणं आम्हाला आवडतं, पण सकाळी साडेसहाला जरा... असा मजकूर. शेवटी पेनाने हसरा चेहरा काढलेला. भांडायला कोणी आलं असतं तर मीही दोन शब्द सुनावले असते. त्या हसऱ्या चेहऱ्यापुढे काय बोलणार?

मी काही मोठी गायिका नाही. दादरला सात वर्षं शिकले, विशारद अर्धवट सोडली, आणि ब्रुकलिनला येताना विमानातून हार्मोनियम आणायची की नाही यावर नवऱ्याशी महिनाभर वाद घातला. पेटी आली. तेव्हापासून ऑफिसला निघण्याआधी पाऊण तास भैरवचे पलटे हा नेम. पण इथल्या जुन्या इमारतींच्या जमिनी लाकडी. आपण वर ‘सा’ लावला की तो खालच्यांच्या पाळण्यात पोहोचतो. चिठ्ठीनंतर बाथरूममध्ये दार लावून गाऊन पाहिलं. ते तर आणखीच वाईट, कारण पाइपांतून तो आवाज पाचही मजल्यांना फुकट ऐकू जातो.

ऑफिसात आमच्याकडे साठीला टेकलेला एक जॅझवेडा आहे. त्याला हे रडगाणं ऐकवलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘तुझ्या घराजवळ विल्यम्सबर्ग ब्रिज आहे ना, मॅनहॅटनला जाणारा पूल? मग प्रश्न कुठे आहे? सॉनी रॉलिन्सने काय केलं, विचार कोणालाही.’

कोणाला विचारणार? मला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्या रात्री हेडफोन लावून ऐकायला बसले, ते आजपर्यंत उठलेले नाही.

गोष्ट अशी. १९५९ सालचा उन्हाळा. रॉलिन्स एकोणतिशीच्या उंबरठ्यावर. टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या दोघा-तिघांत. त्याआधीच्या तीन वर्षांत त्याच्या स्वतःच्या नावावर डझनभराहून जास्त रेकॉर्डी निघालेल्या. क्लबांत लोक रांगा लावतायत. आणि या गड्याने वाजवणं बंद केलं. म्हणजे लोकांसमोर वाजवणं. त्याचं म्हणणं एवढंच, की लोक जितकं कौतुक करतायत तितकं माझं वाजवणं चांगलं नाही, मला बसून काम करायला हवं.

पण बसायचं कुठे? तो आणि त्याची जोडीदार ल्युसिल मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटवर राहत. शेजारची बाई गरोदर होती. टेनर सॅक्सोफोन भिंतीपलीकडे कसा ऐकू जातो ते आता मी कल्पनेने सांगू शकते. तिला त्रास नको म्हणून हा वाद्य घेऊन बाहेर पडला, चालता चालता डिलॅन्सी स्ट्रीटवर पोहोचला, आणि पुलावर जाणारा चढ दिसला. वर कोणी नाही. वरून आकाश, खाली ईस्ट रिव्हर. पुढची दोन वर्षं, १९६१च्या शरदापर्यंत, उन्हात, पावसात, बर्फात तो तिथे वाजवत होता. कधी कधी दिवसाचे पंधरा-पंधरा तास.

लपून वाजवण्याची त्याला सवय जुनीच. हार्लेममध्ये लहानपणी तो कपड्यांच्या कपाटात शिरून वाजवायचा. पण कपाटात आवाज दाबावा लागतो, पुलावर उलटं. तिथे मधोमध ट्रेन धावते, खाली गाड्या, नदीत टगबोटींचे भोंगे. त्या सगळ्यावर आपला सूर ऐकू यायचा तर छातीतला सगळा वारा काढावा लागतो. बोटींच्या भोंग्यांना तो सॅक्सोफोनने उत्तरं द्यायचा म्हणे.

ही गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगितली की दुसऱ्या वाक्यात ‘तपश्चर्या’ हा शब्द येतो. मला तो टाळायचाय. मला त्यातली शेजारीण जास्त महत्त्वाची वाटते. एका गरोदर बाईच्या झोपेची काळजी नसती, तर पूलही नसता.

आता थोडं मागे जाते, कारण हा माणूस सोडून काय आला होता ते कळल्याशिवाय मजा नाही. २२ जून १९५६ या दिवशी न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमध्ये त्याने ‘सॅक्सोफोन कोलोसस’ हा अल्बम रेकॉर्ड केला. स्टुडिओ म्हणजे रुडी व्हॅन गेल्डर याच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. हा व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात जॅझ रेकॉर्ड करायचा. एका दिवसात पाच चिजा, मिळून चाळीस मिनिटं. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच.

पहिली चीज ‘सेंट थॉमस’. रॉलिन्सच्या आईचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या सेंट थॉमसचं, आणि ही चाल त्याने लहानपणी घरात ऐकलेली. कॅलिप्सोची लय, कोळीगीतासारखी पाय हलवणारी. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. पण माझा जीव अडकलाय शेवटच्या ‘ब्लू सेव्हन’मध्ये. सव्वाअकरा मिनिटांची आहे. आधी नुसता बास चालत येतो, घाई नाही. मग रॉलिन्स चार-पाच स्वरांचा एक वाकडा तुकडा टाकतो. सूर कोणत्या घरचा ते पटकन कळत नाही. पुढे सबंध वेळ तो त्याच तुकड्याला चिकटून राहतो. त्याचं शेपूट धरून नवीन काही काढतो, उलटा करतो, मधले स्वर गाळतो, सोडून दिल्यासारखं करतो आणि वळणावर परत भेटवतो. आपल्याकडे बुवा मुखड्याभोवती बढत करतात तेच की हे! मी हेडफोन काढून नवऱ्याला उठवलं. त्याने झोपेतच मान्य केलं.

‘ब्लू सेव्हन’वर गुंथर शुलर या संगीतकाराने १९५८ साली मोठा लेख लिहून हीच बढत स्वरलिपीसकट उलगडून दाखवली. रॉलिन्सला तो वाचून आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. वाजवताना आपण काय करतो ते कोणीतरी समजावून सांगितल्यावर त्याला वाजवणं अवघड जाऊ लागलं. ज्याला गाता गाता अचानक स्वतःच्या श्वासाची जाणीव झालीय, त्याला हे कळेल.

‘कोलोसस’चं रेकॉर्डिंग झाल्यावर चौथ्या दिवशी, २६ जून १९५६ला, तो ज्या पाच जणांच्या बँडमध्ये वाजवत होता त्यातले ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन आणि पियानिस्ट रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. ब्राउन अवघा पंचवीस वर्षांचा होता. रॉलिन्सच्या दृष्टीने हा माणूस फक्त वादक नव्हता. रॉलिन्स स्वतः हेरॉइनच्या विळख्यात सापडून तुरुंगात जाऊन आला होता, १९५५ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन सुटला होता. नशा न करताही उत्तम वाजवता येतं, हे त्याला ब्राउनकडे पाहून पटलं होतं.

मग पुढच्या वर्षी त्याने पियानोच काढून टाकला. ३ नोव्हेंबर १९५७, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. सोबत फक्त बास आणि ड्रम्स. जॅझमध्ये पियानो सुरांची चौकट धरून ठेवतो. तो नसला की वादक मोकळा, आणि उघडाही. पेटी बाजूला ठेवून नुसत्या तानपुऱ्यावर गायला लावलं की गुरुजींना आपली प्रत्येक श्रुती दिसते, तसं. संध्याकाळी ड्रम्सवर एल्विन जोन्स होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये दोघांची जी खडाखडी चालते ती शब्दांत सांगायला मी जात नाही.

व्हॅनगार्ड अजून आहे. सेव्हन्थ अव्हेन्यूवर लाल कापडी छपराखालचं दार, आणि तळघरात उतरणारा अरुंद जिना. मागच्या महिन्यात गेले. आत गेल्यावर वाटलं, चुकून कोणाच्या गोदामात शिरलो की काय. त्रिकोणी, बुटकी खोली, शंभर-सव्वाशे माणसं कोंबलेली, भिंतींवर फोटो. माझ्या टेबलापासून ड्रम्स चार हातांवर. गंमत म्हणजे अशी चिकटून बसलेली माणसं वाजवणं सुरू झाल्यावर इतकी गप्प होतात की ग्लासातला बर्फ हललेला ऐकू येतो. आपल्या सवाई गंधर्वमध्ये चालणारी वड्यांची चर्चा आठवली, आणि कोणाकडे बघून हसावं तेही कळेना.

तर पुलाकडे परत. दोन वर्षं झाली. तो परतला, आणि १९६२च्या सुरुवातीला नव्या कंपनीसाठी ‘द ब्रिज’ रेकॉर्ड केला. पियानोऐवजी जिम हॉलचा गिटार. लोकांनी कान टवकारले होते. मधल्या काळात ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवाल्यांनी जॅझचं घरच पाडून नव्याने बांधायला घेतलं होतं. रॉलिन्स दोन वर्षं पुलावर होता, म्हणजे काहीतरी आकाश फाटणारं घेऊन येणार! आणि त्याने काय आणलं? ‘विदाउट अ साँग’सारखी जुनी गाणी, नेहमीच्याच घाटात. बऱ्याच समीक्षकांचा हिरमोड झाला. एवढं करून बदललं काय, असा सूर.

मी ‘कोलोसस’ आणि ‘द ब्रिज’ पाठोपाठ ऐकले, किती वेळा ते मोजलेलं नाही. माझ्या अडाणी कानाला फरक ऐकू येतो, पण तो कल्पनेत नाही, आवाजात आहे. स्वर जिथे सुटतो तिथे कड तुटत नाही. जलद चालीतही एकेक स्वर भरलेला, घाईत पोकळ झालेला नाही. मला पहिले सहा महिने फक्त खर्जाचा ‘सा’ लावायला बसवलं होतं. आई विचारायची, अगं अजून एकही गाणं येत नाही का? तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. रॉलिन्सलाही बहुधा सुचलं नसावं, म्हणून त्याने रेकॉर्डच पुढे केली.

पुढची पन्नास वर्षं मी इथे भरभर उरकते, त्यांच्यावर अन्याय होतोय ते मान्य करून. पण दोन गोष्टी राहवत नाहीत. एक, ११ सप्टेंबर २००१. त्याचं घर वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौकांवर. दुसऱ्या दिवशी त्याला इमारतीतून बाहेर काढलं, हातात सॅक्सोफोन. चार दिवसांनी, १५ तारखेला, ल्युसिलच्या आग्रहाने त्याने बॉस्टनला ठरलेली मैफल केली. एकाहत्तर वर्षांचा होता.

दुसरी गोष्ट माझ्या घरची. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने पुन्हा सगळं सोडलं. १९६६ नंतर सहा वर्षं नवा स्टुडिओ अल्बम नाही. त्या काळात तो काही महिने राहायला कुठे गेला? पवईला! स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. मी भांडुपची. साकीविहार रोडवरून शेकडो वेळा बसने गेलेय, खिडकीतून ती पाटी वाचलीय. मांडी घालून ध्यान लागेना म्हणून तो चिंतेत होता, तर त्याला तिथे सांगितलं गेलं की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान. नंतर १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात तो मुंबईत वाजवूनही गेला.

आईला फोनवर हे सांगितलं.

‘आपल्या पवईला? मावशी जाते तो आश्रम?’

‘हो गं, तोच.’

‘मग त्यांना वरणभात चालला का?’

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

गेल्या रविवारी सकाळी सातला मी पुलावर गेले. लाजत लाजत, कारण इथे पळणारे आणि सायकलवाले भल्या पहाटेपासून असतात. मधल्या टप्प्यावर एका जागी लाल कठड्याला टेकून उभी राहिले आणि भैरवचा ‘सा’ लावला. कोणी वळून पाहिलं नाही. रिषभावर थांबले, जरा जमतंय असं वाटेपर्यंत मॅनहॅटनकडून ट्रेन आली. पायाखालचा पूल थरथरला. मी गात होते, तोंड उघडं होतं, पण मला माझा आवाज येत नव्हता. जवळपास अर्धा मिनिट.

ट्रेन गेली तेव्हा फोनवर तानपुरा लावून पाहिला. माझा ‘सा’ चांगला अर्ध्या सुराने वर चढलेला. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, पण एका कानात तानपुरा घालून.